कागदाएवढी फट

माझ्या बहिणीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं आणि दाजींच्या जीपचे बुश गेले होते. या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या की पुढे पुढे मी बहिणीसाठी बुश करतोय की बुशांसाठी बहिणीला आणतोय, हेच मला कळेनासं झालं. आज इतक्या वर्षांनी सांगायला बसलो तरी तो गुंता पुरता सुटत नाही. सांगता सांगता सुटला तर बघू.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. मोठा दुष्काळ सरला होता आणि लोकांच्या विहिरींवरची इंजिनं पुन्हा धडधडायला लागली होती. मी जालन्यात एका शेडमध्ये लेथ चालवायचो. शेडचे मालक म्हणजे मला लेथ शिकवणारे चाचा. ते घरात उर्दू बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी आणि माझ्याशी दोन्हींची खिचडी. लेथवर लोखंड फिरतं, आपण हत्यार लावून त्याची साल काढायची, एवढंच ते काम. पण मला ते फार आवडायचं, कारण तिथं प्रत्येक गोष्टीला माप होतं. माणसं मोघम बोलतात याची मला लहानपणापासून चीड. 'थोडंसं', 'जरासं', 'बघून घे' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आणि माझे वडील नेमके तसेच बोलायचे. आबांची लोहाराची भट्टी आमच्या गावात, हसनाबादच्या पुढे. बैलगाडीच्या चाकांना धावा बसवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते गवऱ्यांच्या आगीत तापवायचं, फुगलं की चाकावर चढवायचं आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ते चाकाला असं आवळतं की आरे कडाकडा बोलतात. आबांनी यासाठी कधी फूटपट्टी हातात घेतली नाही. मी काही मापाचं बोललो की म्हणायचे, "तू इंजिनेर झालास बाबा, आमी आपले अडाणी." आणि असं हसायचे की अडाणी कोण ते मला बरोबर कळायचं.

बहीण माझ्याहून धाकटी, अंबडच्या बाजूला दिलेली. तिची पहिली दोन बाळं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी तर तिला बैलगाडीतून माहेरी आणत होते आणि अर्ध्या वाटेवर तिचं पोट दुखायला लागलं. त्याबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पण माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, त्यानंतर त्या गाडीत कधी बसली नाही. शेतात जायचं तरी चालत जायची.

आता बहिणीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सासरी सासू नाही, जाऊ नाही, घरात सगळे बाप्ये. म्हणून तिला माहेरी आणणं भागच होतं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि निघताना म्हणाल्या, "फक्त हिला धक्का बसता कामा नये."

धक्का म्हणजे केवढा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी शेडमध्ये होतो, दाजींनी येऊन मला हे वाक्य सांगितलं, आणि मी पहिला प्रश्न हाच विचारला. दाजी स्वभावानं गरीब माणूस, म्हणाले, "आता ते मी डॉक्टरणीला कसं इचारू? धक्का म्हंजे धक्का."

एसटीनं आणायचं तर दोन ठिकाणी बदलायची, गर्दीत रेटारेटी. बैलगाडीचं नाव काढायची सोय नव्हती. राहिली दाजींची जीप. मिलिटरीच्या लिलावातली, कधीची कुणास ठाऊक. दाजी तिच्यातून माणसं न्यायचे, बियाण्याची पोती न्यायचे, बाजाराच्या दिवशी शेळ्यासुद्धा. ती येतेय हे दिसायच्या आधी ऐकू यायचं. मागून सारखी खाड-खाड, खाड-खाड. मी पाट्याखाली पहार घालून उचलून बघितलं तर पिन बुशात बोटभर वर-खाली होत होती. बोटभर म्हणजे मीही मोघमच बोललो, पण तिथं माप घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ज्यांना गाडीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपच्या मागच्या चाकावर पोलादाचे वाकडे पाटे असतात. ते दबतात आणि उसळतात, म्हणून आत बसणाऱ्याची हाडं शाबूत राहतात. पाट्याच्या टोकाला गोल वळवलेला डोळा असतो, डोळ्यात बुश म्हणजे धातूची आखूड नळी, आणि नळीतून आरपार पिन. पाटा हलला की या पिनेभोवती फिरतो. बुश झिजला की पिन आत आपटते. खाड-खाड ती. कंपनीचे बुश आणायचे म्हटलं तर इतक्या जुन्या गाडीचे ते मुंबईलाही मिळतील की नाही अशी शंका. चाचा म्हणाले, गनमेटलचे बनव, म्हणजे तांबं-कथील मिसळलेल्या धातूचे. भंगार बाजारातून पंपाचा एक जुना जाड तुकडा मिळाला, पिवळसर लाल, लेथला लावला की लोण्यासारखा कापला जाणारा.

आणि इथून माझा गोंधळ सुरू झाला.

बुश आणि पिन यांच्यामध्ये फट किती ठेवायची? चाचांनी खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं, आतला चांदीचा कागद फाडला. "ये एक कागद बीच में जाना. दुहरा करके डाला तो नै जाना. पिन को सांस लेने को जगा होना." हे मला पटलं. एक कागद जाईल, दुहेरी जाणार नाही. मापात बोलणारा माणूस.

पण मग मी विचार करायला लागलो, आणि विचार करायला लागलो की माझं नेहमी वाटोळं होतं. फट ठेवली म्हणजे पिन हलणार. हलणार म्हणजे आपटणार. आपटली म्हणजे धक्का. डॉक्टरीणबाईंनी धक्का नको म्हणून सांगितलेलं. मग फट ठेवायचीच कशाला? घट्टच केला तर? चाचांना विचारलं. ते म्हणाले, घट्ट केला तर पिन अडकेल, पाटा हलणारच नाही, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट बसणाऱ्याच्या कमरेत. म्हणजे सैल ठेवला तरी धक्का आणि घट्ट ठेवला तरी धक्का.

"मंग कमी धक्का कशात हाय चाचा?"

"बीच में."

"बीच में म्हंजे किती?"

चाचांनी तो कागद माझ्या कपाळाला चिकटवला आणि चहा प्यायला निघून गेले.

मी बुश कातले. पहिला बिघडवला, कारण माझं मन ठिकाणावर नव्हतं. लेथ फिरत होता आणि माझ्या डोळ्यासमोर ती बैलगाडी. पुढचे मात्र असे झाले की बघत राहावं. पिन हातात धरून बुशात सोडली की स्वतःच्या वजनानं सुळकन खाली उतरायची, ना अडखळणं ना डुगडुगणं. एक कागद जायचा, दुहेरी नाही. मी ते दहा वेळा करून बघितलं असेल. आपल्या हातून काहीतरी बरोबर झाल्याचं सुख मला आयुष्यात थोड्या वेळा मिळालंय, त्यातलं ते एक.

बुश पाट्यात मी जालन्यातच बसवणार होतो. पण आबांचा निरोप आला. लेकीची गाडी आहे, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, आपल्या भट्टीवर आणा. दाजी सासऱ्याचा शब्द मोडतील तर शपथ. ते मागच्या पाट्यांचे नवे बुश घेऊन जुन्या पिनांवरच जीप चालवत गावाकडे गेले. नव्या पिनांवर ग्रीससाठी खाच पाडायची राहिली होती म्हणून मी एक जादाचा बुश आणि त्या पिना ठेवून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो.

घरी पोचलो तर अंगणात राखेचं रिंगण. मला ते रिंगण लहानपणापासून माहीत. धाव तापवल्यावर मागे राहतं ते. पण आसपास चाक कुठंच नव्हतं. जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, आणि ओट्याला टेकवून ठेवलेले जीपचे पाटे. त्यांच्या डोळ्यांत माझे बुश बसलेले.

"आबा, पाटा तापवला?"

"मंग काय थंडा बसवू? धाव कधी थंडी बसवली का कुनी?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पोलादाला तापवून, विझवून जी लवचीक ताकद देतात तिला आमच्या धंद्यात पाणी म्हणतात. पाटा जास्त तापला की पाणी उतरतं आणि तो नुसता लोखंडाचा तुकडा होतो. "पाणी गेलं असंल की त्याचं! आता ह्यो पाटा कुठून आणायचा?"

आबा शांतपणे तंबाखू मळत होते. "लाल केलाच न्हाई. थुकी नाचंल येवढाच केला. बुश अल्लाद गेला आन् थंडा होऊन बसला. लोखंडाचं पानी मला शिकवून राह्यला का तू?"

मी कानस घेतली आणि डोळ्याजवळचं पोलाद घासून बघितलं. कानस घसरत होती, म्हणजे पाणी शाबूत होतं. आबांचं बरोबर होतं. मी तसं म्हणालो नाही. पिशवीतून पिन काढली, तेल लावलं आणि बुशात घातली.

पिन जाईना.

टोकसुद्धा आत शिरेना. दुसऱ्या पाट्यात घालून बघितली, तिथंही तेच. मला वाटलं पिना बदलल्या, जालन्याहून दुसऱ्याच कुणाच्या पिना उचलून आणल्या की काय. खिशातला जादाचा बुश काढला, तीच पिन त्यात सोडली. सुळकन खाली. पुन्हा पाट्यात. जाईना. पुन्हा हातातल्या बुशात. सुळकन. एकाच तुकड्यातून एकाच दिवशी एकाच मापानं कातलेले बुश, एकात पिन पळतेय आणि दुसऱ्यात डोकं घालायला तयार नाही. मी वेड्यासारखा अंगणात इकडून तिकडे पिन घेऊन फिरत होतो. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत होती. तिनं मायला विचारलं म्हणे, तुझ्या लेकाचं जालन्याला बरं चाललंय ना.

आबा मात्र खूश. "आता कशी बराबर झाली. बिलकुल हालनार न्हाई. खडखड न्हाई, धक्का न्हाई."

"आबा, पिन आतच जाईना तर गाडी चालंल कशी?"

"जाईना म्हंजे? घन हान की दोन."

मी घण उचलून भट्टीमागे नेऊन ठेवला, उगाच मोह नको म्हणून. मग ओट्यावर बसून राहिलो. माझं माप चुकलं होतं म्हणावं, तर खिशातला बुश साक्षीला होता. आबांनी काही बिघडवलं म्हणावं, तर काम नखभरही वाकडं नव्हतं. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि जीप ठोकळ्यांवर होती. बहिणीला सातवा संपत आला होता, दाजी दारात उभे होते, आणि मला खरोखर रडू येईल असं वाटलं.

उलगडा झाला तो आबांच्याच तोंडून, आणि आपण काय सांगून गेलो हे त्यांना कळलंही नाही. कुठल्याशा गाडीची गोष्ट सांगत होते. धाव जरा लहान झाली, थंड होताना तिनं चाक असं दाबलं की तुंब्यातलं, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यातलं, भोक लहान झालं आणि आस जाईना. मी ताडकन उठलो. डोळा थंड होताना आवळला होता, त्यानं बुशाला दाबलं होतं, आणि बुशाचं भोक लहान झालं होतं. किती लहान? एका कागदाएवढं. मी मोजून मापून ठेवलेला तेवढाच कागद आबांच्या आगीनं खाल्ला होता. बसवल्यावर पुन्हा बघ, असं चाचांनी मला सांगितलं होतं की नव्हतं, ते मला तेव्हाही आठवेना आणि आजही आठवत नाही.

आता बुश बाहेर काढायचा म्हणजे तो फोडायचा. त्यापेक्षा आतूनच खरवडून भोक कागदभर मोठं करायचं. आबांनी जुन्या अर्धगोल कानशीची सहाणेवर घासून अशी पात करून दिली की दाढी करावी. पण भोक सगळीकडून सारखं दबत नाही. नेमकं कुठं घट्ट आहे ते कळायला पिनेला पातळ रंग लावतात, ती आत घालून फिरवतात, आणि बुशात जिथं रंगाचा डाग पडेल तिथंच खरवडतात. शेडमध्ये त्यासाठी निळ्या रंगाची डबी होती. इथं काय लावणार? चुलीची काजळी लावून बघितली, तिच्यात राखेची कचकच, बुशावर ओरखडे पडायला लागले. मऊ, तेलकट, बारीक काळं काहीतरी हवं होतं.

घरात शोधलं. फळीवर, मिठाच्या गाडग्यामागे, फडक्यात गुंडाळलेली एक तांब्याची डबी सापडली. उघडली तर ताजं काजळ, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तुपात खललेलं, बोटाला लागलं तर मखमल. मला हवं होतं ते हेच. माय काजळ घालत नव्हती, आमच्या घरात तेव्हा काजळ घालणारं कुणीच नव्हतं. हे मला माहीत होतं, पण त्या घटकेला ते मनातच आलं नाही. मी डबी घेऊन बाहेर आलो.

काम छान झालं. पिनेला काजळाचं बोट फिरवायचं, पिन आत दाबायची, फिरवायची, काढायची, काळा डाग दिसेल तिथं पात चालवायची. आधी टोक गेलं, मग निम्मी गेली, मग ऊन उतरता उतरता ती आरपार गेली. आबा शेजारी येऊन उकिडवे बसले होते. एकदा म्हणाले, "बघू, मला दे," आणि त्यांचा हात माझ्याहून हलका चालतो हे बघून मला जरा रागच आला. शेवटी चांदीचा कागद घातला. एक गेला. दुहेरी गेला नाही. डबी तळापर्यंत पुसून संपली होती.

माय शेतातून आली. ओट्यावर उघडी पडलेली डबी तिनं बघितली आणि डोक्यावरचा भारा तसाच ठेवून उभी राहिली.

"हे कुठलं घेतलंस?"

"फळीवरचं. गाडग्यामागचं."

"समदं?"

"समदंच लागलं माय. बघ, पिन कशी फिरून राह्यली."

तिनं पिनेकडे बघितलंही नाही. भारा टाकला, डबी उचलली, पदरानं आतून पुसली. आत पुसण्यासारखं काही नव्हतं. मग घरात गेली आणि चुलीपुढे पाठ करून बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला काही म्हणजे काही कळेना. मी दारातून म्हणालो, "आगं काजळच ना, दिवा लावून परत धरून देतो की."

"ऱ्हाऊ दे आता," माय म्हणाली. तिचा आवाज भिजलेला होता.

मी आबांकडे बघितलं. ते पात पुसत बसले होते. हळूच म्हणाले, "चोरून धरलं व्हतं तिनं ते."

"कुनासाठी?"

आबांनी मान अंबडच्या दिशेला वळवली, बस.

आमच्या घरात त्या दोन बाळांनंतर एक नेम होता, आणि तो मायनंच घातला होता. पोट दिसायला लागलं तरी काही तयारी करायची नाही. टोपडं शिवायचं नाही, दुपटं जोडायचं नाही, पाळण्याचा विषय काढायचा नाही. बाळ रडलं की मग सगळं. आधीच्या दोन्ही वेळी तिनं हौसेनं टोपडी शिवली होती. आता तो नेम मायनंच मोडला होता, कुणाला न सांगता, मिठाच्या गाडग्यामागे. आबांना माहीत होतं आणि ते माहीत नसल्यासारखे वागत होते. आणि मी ते सगळंच्या सगळं जीपच्या पिनेला फासलं होतं.

मी बुशापाशी जाऊन बसलो. पिनेवरच्या ग्रीसच्या खाचेत अजून काजळ होतं, बुशाचं भोकही आतून काळं. कुठलाही कारागीर पिन बसवण्याआधी ते पुसतो. मी फडकं हातात घेतलं आणि हात पुढे जाईना. बाळासाठी धरलेलं काजळ पुसून टाकायचं? मन म्हणालं, अपशकुन. आणि नाही पुसलं तर? बाळाचं काजळ गाडीखाली चिखलात, हाही अपशकुनच. मी असल्या गोष्टी मानत नव्हतो, निदान जालन्यात मानत नव्हतो. इथं अंगणात बसून मला काय मानावं तेच कळेना. शेवटी न पुसताच वरून ग्रीस भरलं, पिना घातल्या आणि नट आवळले; माय दारातून बघत होती. तो काही विचार करून घेतलेला निर्णय नव्हता. अंधार पडायला लागला होता, एवढंच.

बहिणीला आणायला दाजी आणि मी गेलो. जीपमध्ये मागे गोधड्यांचा थर, वर ती, शेजारी मी. दाजी इतक्या हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. जीप बोलत नव्हती. इतकी वर्षं खाड-खाड करणारी गाडी मुकाट चालली होती, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धसकाच बसला. आवाज होता तेव्हा कुठं काय होतंय ते कळायचं. आता पिन फिरतेय की अडकलीय, पाटा दबतोय की नाही, काहीच कळेना. खड्डा आला की मी बाजूला वाकून कान लावायचो, मग बहिणीच्या तोंडाकडे बघायचो, मग परत कान.

"दादा," ती म्हणाली, "मघापासून गाडीला काय इचारून राह्यलास? मला इचार की."

"काय इचारू?"

"कसं वाटतंय म्हून. घरी आल्यापासून तू बुशाचंच सांगतोस. हे पन बुशाचंच सांगत व्हते. माय कशी हाय म्हनलं तरी तू बुशच सांगितला."

खरं होतं ते. आम्हा सगळ्यांना त्या बाळाबद्दल बोलायची इतकी भीती वाटत होती की आम्ही जीपबद्दल बोलत होतो. हे मला आत्ता सांगताना सुचतंय. तेव्हा मी नुसता गोंधळून म्हणालो, "कसं वाटतंय?"

"हालून राह्यलंय. कवाचं हालून राह्यलंय."

मी सरळ होऊन बसलो. "धक्क्यानं हालतंय का आपलं आपुन?"

ती इतकी हसली की दाजींनी घाबरून गाडी थांबवली. "त्याला काय ठाऊक तुझा बुश," ती डोळे पुसत म्हणाली. मीही हसलो. पण पुढचा सगळा रस्ता माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि मायच्या डबीचं मी तिला काही सांगितलं नाही.

दिवस भरत आले तसे दाजी जीप घेऊन आमच्याकडेच येऊन राहिले. मीही चाचांना सांगून आलो होतो. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईणीनं बघितलं आणि म्हणाली, हिला भोकरदनला दवाखान्यात न्या, माझ्याच्यानं धीर होत न्हाई. माय जीपमध्ये चढली. चाकावरच्या वाहनात ती किती काळानं बसली असेल, देव जाणे. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिनं एका हातानं जीपची लोखंडी कड धरली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं पांढरी पडत होती. मी मागे लटकून उभा होतो. जीपचा आवाज नव्हता, आवाज होता तो फक्त माझ्या बहिणीचा.

दवाखान्याच्या अंगणात आम्ही बाप्ये उभे राहिलो. आबा एसटीनं मागून पोचले. उन्हं डोक्यावर आली. मग आतून रडणं ऐकू आलं. दाजी दारापाशी गेले. मी आधी विचार केला की हे रडणं आपलंच आहे की शेजारच्या खाटेवरचं. मग नर्सबाई दारात येऊन म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." आबांनी तोंडावर उपरणं घेतलं.

थोड्या वेळानं माय बाळाला घेऊन दारापर्यंत आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. अंगणात दहाजण होते, सगळ्यांच्या नजरा तिच्या हातातल्या गुंडाळ्यावर. तीट लावल्याशिवाय बाळ लोकांसमोर कसं आणायचं? तिनं माझ्याकडे बघितलं.

"बाजारातून आनतो," मी म्हणालो. "आत्ता पळत जाऊन आनतो."

"बाजारचं न्हाई."

तिनं आबांना वर बोलावून दाराआड बाळ त्यांच्या हातात दिलं. पदर खोचला, पायऱ्या उतरून सरळ जीपपाशी आली आणि मागच्या चाकाजवळ खाली बसली. "तुझी ती पिन कंची?"

मी वाकून दाखवली. बुशाच्या कडेनं ग्रीस थोडं बाहेर आलं होतं, काळंभोर. मायनं त्यावर करंगळी फिरवली.

"माय, आगं ते ग्रीस हाय."

"तुला ग्रीस असंल," ती म्हणाली. "तूच ठेवलंस ना माझं हितं?"

तिनं वर जाऊन बाळाचा इवलासा तळपाय उघडा केला आणि त्याच्यावर एक ठिपका टेकवला. मग बाळाला घेऊन उन्हात आली आणि सगळ्यांना दाखवलं, एकेकाला, सावकाश.

त्या ठिपक्यात काजळ किती होतं आणि ग्रीस किती, ते मी आजही सांगू शकत नाही, आणि मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. भाचीच्या तळपायावर तो कितीतरी दिवस राहिला. माय तिला रोज न्हाऊ घालायची, घासून पुसून सगळं अंग लाल करायची. त्या ठिपक्यापाशी आली की मात्र तिचा अंगठा हळू व्हायचा आणि कडेकडेनं फिरून पुढे जायचा.